सुपरनोव्हा १९८७ए: दरवर्षी एन-एच वाढतोय. नवी धूळ तयार होतेय का?

खोली_नंबर_१४ | रात्री १:१२

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. आमच्या कॉलेजात खगोलशास्त्राचं कुणी नाही. प्रोजेक्टचे सर थिन फिल्मवाले, म्हणजे पातळ थरांवर काम करणारे. "विषय तुझा, सही माझी" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यामुळे मोकळीक भरपूर, पण अडलं तर विचारायला माणूस नाही.

विषय घेतलाय सुपरनोव्हा १९८७ए, म्हणजे १९८७ साली फुटताना दिसलेला तारा. चंद्रा दुर्बीण १९९९ साली वर गेली आणि त्यानंतर बरीच वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी तिनं या स्फोटाच्या अवशेषाचे क्ष-किरण मोजले. हा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. होस्टेलचं वायफाय रात्री बारानंतर जरा माणसात येतं, तेव्हा एकेक करत २००० ते २०१८ मधली अकरा निरीक्षणं जमवली. प्रत्येकात अवशेषाभोवती छोटं वर्तुळ आखून वर्णपट काढला आणि एक्सस्पेक या सॉफ्टवेअरमध्ये दोन तापमानांचं शॉक मॉडेल, म्हणजे धक्क्यानं तापलेल्या वायूचं, बसवलं. एक थंड घटक, अर्ध्या केईव्हीच्या आसपास (केईव्ही हे ऊर्जेचं एकक, तापमानही त्यातच सांगतात). एक गरम, दोन-तीन केईव्हीचा. दोघांच्या पुढे शोषणाचा घटक, म्हणजे वाटेतला वायू किती क्ष-किरण गिळतो ते सांगणारा एन-एच. तो मी दर निरीक्षणाला मोकळा सोडला.

आता गंमत बघा. एन-एच दर वेळी थोडा थोडा वाढत जातो. २००८ मध्ये तर मोठी उडीच मारतो, मग पुन्हा हळूहळू चढतो. ०.५ ते २ केईव्हीचा मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा, फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारा प्रवाह) २००७ पर्यंत जोरात वाढतो, २००८ ला आपटी खातो आणि तिथून उतरत जातो. २ केईव्हीच्या वरच्या भागाला एवढा मार बसत नाही.

मी वाचलं होतं की हर्शेल दुर्बिणीला २०११ मध्ये या अवशेषात भरपूर थंड धूळ सापडली, जवळजवळ अर्ध्या सूर्याच्या वस्तुमानाइतकी. म्हणजे धूळ तयार होतेय, ती मृदू क्ष-किरण गिळतेय आणि मला तेच एन-एच म्हणून दिसतंय, असं धरता येईल का? सरांना आलेख दाखवला तर ते खूश झाले आणि आविष्कार स्पर्धेला पोस्टर टाक म्हणाले. पोस्टरला अकरा दिवस उरलेत.

फिट वाईट नाहीत. रिड्यूस्ड काय-स्क्वेअर (१ च्या जवळ असला की फिट चांगला) बहुतेक ठिकाणी १.२ च्या आत आहे. एक बारीक गोष्ट सांगायची राहिली: एआरएफ आणि आरएमएफ (दुर्बीण आणि डिटेक्टर कुठल्या ऊर्जेला कसा प्रतिसाद देतात ते सांगणाऱ्या फाइली) २००० च्या पहिल्या निरीक्षणाच्या बनवल्या होत्या, त्याच सगळीकडे वापरल्यात. माझ्या लॅपटॉपला दर वेळी त्या बनवायला लावलं की पंखा विमानासारखा ओरडतो आणि रूममेट उठतो. दुर्बीण तीच, डिटेक्टरही तोच, म्हणून चालेल असं धरलं.


गणू_गुरुत्व | सकाळी ७:४०

अभिनंदन रे! बरोबर दिशेनं चाललायस. हर्शेलनंतर २०१४ मध्ये आल्मा या रेडिओ दुर्बिणीनंही दाखवलं की धूळ अवशेषाच्या ऐन मधोमध आहे. शिवाय २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटात मध्यभागी आयनीभूत आर्गॉनच्या रेषा सापडल्या, म्हणजे आत न्यूट्रॉन तारा असण्याची शक्यता बळावली. धूळ जाड होत गेली तर तो इतकी वर्षं का दिसला नाही हेही जुळतं. पोस्टरमध्ये हा मुद्दा घालच.


लोह५५ | सकाळी ९:०५

पोस्टर छापायला दिलं असेल तर आधी त्या दुकानदाराला फोन कर, मग पुढचं वाच.

बाळा, थर तुला खराच सापडलाय आणि तो दरवर्षी वाढतोय हेही खरं. फक्त तो १,६०,००० प्रकाशवर्षांवर नाही. तो चंद्रा दुर्बिणीच्या चष्म्यावर आहे.

चंद्रा दुर्बिणीवरच्या एसिस कॅमेऱ्याच्या सीसीडी उणे १२० अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यांच्या पुढ्यात अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली एक पातळ फिल्म असते. दृश्य प्रकाश अडवायचा आणि क्ष-किरण जाऊ द्यायचे, एवढंच तिचं काम. यानातले गोंद, वंगणं, प्लॅस्टिकचे भाग निर्वातात वर्षानुवर्षं वाफ सोडत राहतात. ती वाफ थंड जागा शोधते आणि तिला ही फिल्म सापडते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर चिकट थर धरतो ना, तसंच. थर मुख्यतः कार्बनचा, जोडीला थोडा ऑक्सिजन आणि फ्लोरिन. कार्बन कमी ऊर्जेचे क्ष-किरण आवडीनं गिळतो, दोन-तीन केईव्हीच्या वर मात्र त्याचं फारसं चालत नाही. म्हणून तुझा मृदू भाग घसरला आणि कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचा, भाग शाबूत राहिला. एक्सस्पेकला कार्बनचा थर आणि आकाशगंगेतला वायू यांतला फरक तू सांगितलाच नाहीस, मग त्यानं खालचे गायब फोटॉन एन-एचच्या खात्यावर मांडले. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

एआरएफ म्हणजे त्या दिवशी, त्या जागी, त्या ऊर्जेला दुर्बिणीचं परिणामी क्षेत्रफळ किती होतं याचा उतारा. थर किती जाड झाला ते धरून प्रत्येक तारखेची एआरएफ वेगळी निघते. तू २००० चा सातबारा दाखवून २०१८ ची जमीन विकायला निघालायस. मधल्या काळात तिच्यावर काय काय बोजा चढला ते त्या कागदावर कसं असेल?

२००८ च्या उडीचं कारण तर याहूनही साधं आहे. त्या सुमारापासून ही निरीक्षणं दुर्बिणीच्या वाटेत विवर्तन-जाळी आडवी घालून घेतली जातात. तू जो मधला ठिपका मोजतोस तो शून्य क्रमांकाचा, म्हणजे जाळीतून सरळ निघून आलेल्या फोटॉनांचा. बाकीचे दोन बाजूंना वर्णपट होऊन पसरतात, बरेचसे जाळीतच अडतात आणि मृदू फोटॉनांना त्याचा फटका जास्त बसतो. फाइलच्या हेडरमध्ये ग्रेटिंग नावाची ओळ आहे, ती उघडून बघ. २००७ च्या फाइलीत 'नन' असेल, नंतरच्यात 'हेटग', म्हणजे त्या जाळीचं नाव. काउंट, म्हणजे मोजलेले फोटॉन, दुर्बिणीचे असतात आणि फ्लक्स आकाशातला. या दोघांच्या मध्ये एआरएफ उभी असते.

आता गणूंसाठी. कॅलिब्रेशन घडीभर बाजूला ठेवलं तरी धुळीची कल्पना दोन ठिकाणी अडते. पहिलं, या अवशेषाचे क्ष-किरण येतात ते मुख्यतः मलब्याभोवतीच्या वायूच्या कड्यातून आणि धूळ आहे मधोमध, फुटलेल्या ताऱ्याच्या मलब्यात. दिवे लागलेत अंगणात आणि धूर आहे माजघरात. माजघरातल्या धुरानं अंगणातले दिवे कसे मंद होतील? आतला न्यूट्रॉन तारा झाकला जाईल, ते वेगळं. दुसरं, क्ष-किरण अडवतात ते अणू. वायूतले कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह गोठून त्यांची धूळ झाली तरी अणू तेवढेच राहतात. दृश्य प्रकाशाला धूळ म्हणजे भिंत, पण क्ष-किरणांच्या हिशेबात वायूची धूळ झाल्यानं जवळजवळ काहीच बदलत नाही. स्फोटाच्या ठिकाणी नुसती धूळ जमून एन-एच वाढत नसतो.

माझं सांगायचं तर बावीस वर्षं मी एका प्रयोगशाळेत क्ष-किरण डिटेक्टर तपासत होते. लोह-५५ चा एक स्रोत शिशाच्या डबीत असायचा, त्याची ५.९ केईव्हीची मँगनीजची रेषा म्हणजे आमची रोज सकाळची हजेरी. इथलं माझं नावही तिथलंच. एकदा नवं काम सुरू करताना चार वर्षांपूर्वीच्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं तर काउंट तिसऱ्या हिश्श्यावर आलेले. डिटेक्टर मेला म्हणून तीन आठवडे रडलो. सीसीडी बदलली, केबल बदलल्या, एकमेकांवर चिडलो. शेवटी चहा देणाऱ्या पोऱ्यानं विचारलं, "मॅडम, त्या डबीतलं औषध संपलं असेल का?" लोह-५५ दर २.७ वर्षांनी निम्मं होतं. डबीवर तारीख लिहिलेली होती, अक्षरही माझंच.

चंद्रा दुर्बिणीवरही हाच स्रोत बसवलेला आहे, आणि पाव शतकात तोही विझत आलाय. म्हणून मंडळी आकाशातल्याच एका वस्तूला वजनमाप खात्यासारखं वापरतात. तिचं नाव ई०१०२. लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला हा सुपरनोव्हा अवशेष साधारण दोन हजार वर्षांचा आहे, त्यामुळे दहा-वीस वर्षांत तो फारसा बदलत नाही. त्याचा वर्णपट म्हणजे ऑक्सिजन आणि निऑनच्या ठळक रेषा: ०.५७, ०.६५, ०.९२, १.०२ केईव्ही. चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन, सुझाकू, स्विफ्ट अशा सगळ्या क्ष-किरण दुर्बिणींचे काटे यावर ताडून बघितलेत. तू काय करायचं ते ऐक. ई०१०२ ची एसिसची दोन निरीक्षणं उतरव, एक सुरुवातीचं आणि एक अलीकडचं. दोघांनाही तुझी २००० ची एआरएफ लाव. तिथेही एन-एच वाढला तर गुन्हेगार कोण ते कळेल. मग सगळ्यांच्या एआरएफ नव्यानं बनव. रूममेटला इअरप्लग घेऊन दे.

आणि ज्यात एआरएफ बनवतात त्या सॉफ्टवेअरच्या नावाचा उच्चार 'चाओ' आहे बरं का, इटालियन रामराम. तोंडी परीक्षेत 'सीआयएओ' म्हणालास तरी मार्क जाणार नाहीत म्हणा.


जयगडचा_खलाशी | दुपारी ४:३०

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. एआरएफ डोक्यावरून गेली, चहावाला पोऱ्या मात्र समजला.

हा तारा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे म्हणून मध्ये तोंड घालतो. १९८७ च्या मे महिन्यात मी मालवाहू जहाजावर थर्ड मेट होतो, डर्बन सोडून पूर्वेला निघालो होतो. रेडिओ ऑफिसरला बीबीसीवर कळलं होतं की दक्षिणेत तारा फुटलाय. संध्याकाळी वॉचवर नैर्ऋत्येला बघितलं. वर अगस्त्य, त्याच्या खाली मॅगेलनचा ढग, आणि त्या ढगाच्या काठाला जिथे काही नसायचं तिथे एक तांबूस तारा. ध्रुवताऱ्यापेक्षा थोडा मंद असेल. नंतर पाच महिन्यांनी पुन्हा त्या पाण्यात गेलो तेव्हा नुसत्या डोळ्यांना धड सापडेना, दुर्बिणीतून हुडकावा लागला. घरी येऊन वडलांना सांगितलं, तर ते म्हणाले, जयगडातून दाखव. कसा दाखवणार? आपल्याकडून तो क्षितिजाच्या वर येतो जेमतेम दोन-तीन अंश, तेवढं तर धुरकट हवाच खाते.

माझा प्रश्न अडाणी आहे. तो विझताना मी पाहिला. मग ही दुर्बीणवाली मंडळी पंचवीस वर्षं काय बघत बसलीत? राख थंडच होत जाणार ना? पोरगा म्हणतो २००७ पर्यंत फ्लक्स जोरात वाढत होता. विझलेली चूल वाढते कशी?


लोह५५ | रात्री ८:५०

काका, तुम्ही पाहिलात तो स्फोटाचा स्वतःचा उजेड, किरणोत्सारी कोबाल्टवर चाललेला. तो विझायचाच होता. नंतर वाढली ती वेगळीच चूल.

हा तारा फुटण्याच्या सुमारे २०,००० वर्षं आधी त्यानं आपल्याभोवती वायूचं एक कडं सोडून ठेवलं होतं. त्याची त्रिज्या साधारण ०.६ प्रकाशवर्ष. तुम्ही डेकवर उभे होतात तेव्हा स्फोटाची लाट रिकाम्या जागेतून सेकंदाला हजारो किलोमीटरनं त्या कड्याकडे धावत होती आणि तिच्यापुढे पेटण्याजोगं फारसं काही नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनांच्या रोसॅट उपग्रहाला पहिले मंद मृदू क्ष-किरण लागले. दशकाच्या मध्याला हबलला कड्यावर एक तेजस्वी ठिपका दिसला, मग दुसरा, तिसरा, करता करता अख्ख्या मण्यांची माळ झाली. कड्याची आत आलेली टोकं आधी पेटली होती. २००४ च्या सुमारास लाट कड्याच्या मुख्य अंगात घुसली, तिचा वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या खाली आला आणि मृदू क्ष-किरण भडकले. दाट वायूत लाट मंदावते आणि तिच्या धक्क्यानं तो पन्नास-साठ लाख अंशांना तापतो. हा पोराचा थंड घटक. विरळ जागेत वेग टिकतो, तिथला वायू दोन-तीन कोटी अंशांचा. हा त्याचा गरम घटक.

२०१३ च्या आसपास मृदू फ्लक्स वाढायचा थांबला. लाट कड्याच्या दाट भागातून पलीकडे निघाली, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे एक्सएमएम-न्यूटनच्या मोजणीत मृदू भाग उतरताना दिसला, कठीण भाग मात्र चढतच होता. म्हणून ही मंडळी बसलीत काका. कड्याच्या पलीकडे काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही. ताऱ्यानं त्याच्याही आधी, तांबडा महाराक्षसी असताना, सोडलेला वारा तिथे असावा. लाट जसजशी पुढे जाईल तसतशी ताऱ्याची जुनी चोपडी उलट्या क्रमानं वाचून मिळेल.

एक योगायोग सांगते. जपानचा गिंगा हा क्ष-किरण उपग्रह ५ फेब्रुवारी १९८७ ला सुटला. १८ दिवसांनी, २३ तारखेला, याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले, आणि तेही जपानच्याच कामिओकांदे प्रयोगाच्या पाण्याच्या टाकीत सापडले, अमेरिकेत आणि रशियातही. १,६०,००० वर्षांचा प्रवास करून गाडी आली आणि हे नुकतेच फलाटावर येऊन उभे राहिले होते.


खोली_नंबर_१४ | चौथ्या दिवशी, रात्री २:२०

ताई, पोस्टर छापलं नव्हतं. बरं झालं.

आधी ई०१०२ केलं. दोन्ही निरीक्षणांना एकच जुनी एआरएफ लावली तर तिथेही एन-एच फुगला. ०.५७ ची ऑक्सिजनची रेषा अलीकडच्या वर्णपटात अगदी बसून गेलीय, १.०२ च्या निऑनला तितकं काही झालेलं नाही. तुम्ही म्हणालात तेच. बघून पोटात गोळा आला, कारण सरांनी विभागप्रमुखांनाही सांगून ठेवलं होतं.

मग अकराच्या अकरा एआरएफ नव्यानं काढल्या, दोन रात्री गेल्या. (रूममेट गावी गेलाय.) हेडरही बघितली. २००८ नंतर खरंच सगळीकडे 'हेटग' आहे, आणि मी ती ओळ एकदाही वाचलेली नव्हती. आता सगळे एन-एच एकमेकांच्या एरर-बारमध्ये बसतात. शेवटी सर्व वर्षांना एकच सामायिक एन-एच दिला. फ्लक्सची २००८ ची आपटी गेली. वक्र चढत चढत २०१३ पर्यंत येतो आणि तिथे सपाट होतो, तुम्ही काकांना सांगितलंत तसा.

सरांना सकाळी सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं आलेख बघितला आणि म्हणाले, "म्हणजे आमचंच काम निघालं की, थिन फिल्म." मग पहिल्यांदा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि थराची जाडी ऊर्जेवरून कशी काढतात ते विचारत राहिले.

आता एकच ठिकाण खुपतंय. २००४ ते २००७ मधल्या तीन निरीक्षणांत गरम घटकाचं तापमान शेजाऱ्यांपेक्षा वर येतं, आणि मृदू फ्लक्स किंचित कमी वाटतो. एआरएफ त्या त्या दिवसाचीच आहे. हे तरी खरं आहे का?


लोह५५ | सकाळी ६:५५

शाबास. सरांनाही सांग.

खुपतंय ते बरोबर ठिकाणी खुपतंय. याला पाइल-अप म्हणतात. एसिस एक फ्रेम साधारण ३.२ सेकंद उघडी ठेवतो. त्या वेळात एकाच पिक्सेलच्या आसपास दोन फोटॉन पडले तर सीसीडी त्यांची बेरीज करून एकच नोंद करते: ०.९ चे दोन आले, वहीत १.८ चा एक. गरीब घरचे दोघे गेले आणि एक श्रीमंत जन्माला आला. म्हणून मृदू कमी आणि तापमान जास्त. अवशेष जसा उजळला तसा हा त्रास वाढला. चिपचा छोटा पट्टाच वाचून फ्रेम आखूड करून पाहिली, तेही पुरेना, तेव्हा जाळी घातली. २००८ मध्ये जाळी का आली याचं उत्तर तुझ्याच तीन बिंदूंत आहे. एक्सस्पेकमध्ये पाइल-अपचं मॉडेल आहे, पण ते सांभाळून वापर. त्या वर्षांचे एक्सएमएमच्या पीएन कॅमेऱ्याचे वर्णपट मिळाले तर शेजारी ठेव. एक्सएमएमला हे कडं नुसता ठिपका दिसतं, पण तुला फ्लक्सच हवाय ना.

पोस्टरवर एकच आलेख ठेवायचा झाला तर मी फ्लक्सचा ठेवणार नाही. सिलिकॉनच्या दोन रेषा घे. १.८६ केईव्हीची हेलियमसदृश, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन उरलेल्या अणूची. २.० ची हायड्रोजनसदृश, एकच उरलेल्याची. दोघींचं गुणोत्तर वर्षागणिक काढ. दोघी इतक्या शेजारी आहेत की कार्बनचा थर दोघींना जवळजवळ सारखाच चावतो, भागाकारात तो निघून जातो. पाइल-अपची तीन वर्षं मात्र इथूनही वगळ.

हे गुणोत्तर बदलेल ते तापमानामुळे किंवा अणू सोलले जात असल्यामुळे. तवा तापला म्हणून भाकरी लगेच भाजत नाही. लाट गेल्यावर इलेक्ट्रॉन तापतात, पण ते अणूंवर आपटून आपटून एकेक इलेक्ट्रॉन उडवतात, त्याला वेळ लागतो. कड्यात घनसेंटिमीटरला हजारो कण, तिथे हे तीन-चार वर्षांत उरकतं. बाहेरच्या विरळ वायूत शेकडो वर्षं लागतील. तुझ्या शॉक मॉडेलमध्ये आयनीभवनाचं वय म्हणून जो आकडा येतो तो हाच, घनता गुणिले काळ. तो तू बहुधा गोठवून ठेवला असशील. सगळेच ठेवतात.

आणि वेळ उरला तर, नाहीतर स्पर्धेनंतर, जाळीनं दोन बाजूंना पसरलेला वर्णपट एकदा डोळ्यांनी बघ. कडं आपल्याकडे तिरकं आहे, त्याची उत्तर बाजू आपल्याला जवळची. प्रसरणामुळे ती आपल्याकडे येते, म्हणून तिच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दक्षिणेच्या लालकडे. वर्णपट उत्तर-दक्षिण दिशेनं पसरला असेल तर एका बाहूत कड्याचं चित्र आणि डॉप्लरचं सरकणं एकमेकांत भर घालतात, दुसऱ्यात वजा होतात. म्हणजे एकच रेषा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद! त्या फरकावरून वायूचा वेग काढलाय लोकांनी. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला वाटलं डिटेक्टर तिरका बसलाय. माझं नेहमीचंच.


जयगडचा_खलाशी | दुपारी १२:१५

पोरा, पोस्टर झालं की इथे टाक.

ताई, माळ्यावरची पेटी काढली. तेव्हाची माझी वही सापडली. मे महिन्याच्या पानाचा वरचा कोपरा कसरीनं खाल्लाय, त्यामुळे तारीख गेली. खाली पेन्सिलीनं एवढंच आहे: अगस्त्याखाली नवा तारा, तांबडा, शेजारच्या कुठल्याच ताऱ्याएवढा नाही, डोळे तपासून घेणे.